सेल्फ मारत बसू नका: गाडी सुरू होत नसेल तर या चुका टाळा

दिवाळीला बारा दिवस गावी जाऊन आलो. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना चावी फिरवली, तर गाडी नुसती 'टकटकटक' करून गप्प. मग मी काय केलं? पुन्हा फिरवली. आणि पुन्हा. पंधरा-वीसदा तरी. शेवटी ती टकटकही बंद पडली. गॅरेजवाल्याला फोनवर सांगितलं, "गाडी चालू होत नाहीये." तो म्हणाला, "बॅटरी गेली असेल." नवी बसवली, पाच हजारांच्या वर गेले. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. बोनेट उघडून पाहिलं तर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलचा (वायर जोडायच्या टोकाचा) क्लॅम्प हाताने फिरत होता आणि आत पांढरट-हिरवी भुकटी साचली होती. नवी बॅटरी त्याच घाणेरड्या क्लॅम्पमध्ये बसवली होती!

तेव्हापासून माझा नियम: सेल्फ (म्हणजे स्टार्टर, इंजिन फिरवणारी मोटर) एकदाच मारायचा, आणि कान देऊन ऐकायचं. सेल्फ बॅटरीतून शंभर-दोनशे अँपिअर करंट ओढतो. पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवला तर स्टार्टरची मोटर तापते, आणि बॅटरीत उरलंसुरलं असेल तेही जातं. दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट थांबा.

आवाजावरून निम्मं निदान होतं. टकटक येते किंवा इंजिन कण्हत-कुंथत फिरतं, म्हणजे करंट पुरत नाहीये. काहीच आवाज नाही, तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे तसेच लख्ख राहिले तर स्टार्टर, रिले (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच) किंवा इग्निशन स्विचकडे बघा. (त्याआधी ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी' किंवा 'एन'वर आहे ना, बटणवाल्या गाडीत क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबलाय ना, तेही बघा. हसू नका, माझ्या मेहुण्याने यापायी टो-व्हॅन बोलावली होती.) इंजिन जोमात फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तिथे पेट्रोल पोचत नसेल, स्पार्क नसेल किंवा इमोबिलायझर (गाडीची चोरीविरोधी यंत्रणा) चावी ओळखत नसेल. दुसरी चावी लावून बघा.

टर्मिनलचं काम घरचं आहे. दहा नंबरचा पाना, जुना टूथब्रश आणि गरम पाण्यात कालवलेला खायचा सोडा. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, लावताना उलटं. घाईत पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर अशी ठिणगी उडते की पुन्हा विसरणार नाही. साफ करून, कोरडं करून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. मल्टिमीटर असेल तर गाडी बंद असताना बॅटरी मोजा: १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी चालू झाल्यावर आकडा साधारण १४ च्या घरात हवा. तो वर चढतच नसेल तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी भरणारा भाग) तपासा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायला जंपर केबल लावताना बहुतेक जण शेवटची काळी क्लिप उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हलाच लावतात. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. ती क्लिप बॅटरीपासून लांब, बंद गाडीच्याच इंजिनच्या उघड्या धातूला लावा. गाडी सुरू झाली की लगेच बंद करू नका, अर्धा-पाऊण तास चालवून आणा.

धक्का मारणं हा आपला आवडता उपाय. मॅन्युअल गाडीत इग्निशन चालू ठेवून, दुसऱ्या गिअरवर क्लच झटकन सोडला की जमतंही. पण पेट्रोल गाडी स्पार्कअभावी पकडत नसताना गल्लीभर ढकलत राहिलात, तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो खराब होतो, आणि तो भाग स्वस्त नाही. ऑटोमॅटिकला धक्का मारून तर काहीच होत नाही. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती ८०० च्या सवयीने ॲक्सिलरेटर पंप करण्यालाही आताच्या इंजेक्शनच्या गाडीत अर्थ नाही.

सीएनजीवाल्यांची एक खास चूक: पेट्रोलची टाकी कायम तळाला. बऱ्याच गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवून वाचवलेले पैसे पंपात जातात.

आणि एक प्रसंग असा, जिथे सेल्फ एकदाही मारायचा नाही: गाडी पाण्यात बुडून बंद पडली असेल तेव्हा. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलेलं असताना इंजिन फिरवलं तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी टो करून न्या.

आता मी मेकॅनिकला फोन करतो तेव्हा "चालू होत नाहीये" म्हणत नाही. "टकटक येतेय, सेल्फ मारला की दिवे मंदावतात, टर्मिनल घट्ट आहे" एवढं सांगतो. तो येताना केबल घेऊन येतो, नवी बॅटरी नाही.