सिमको सरोवरावर शरदात स्मॉलमाउथ गरवायला निघण्यापूर्वी

टोरोंटोच्या उत्तरेला गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर असलेल्या सिमको सरोवरावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्मॉलमाउथ बास गरवायला जाणाऱ्याने तयारीचा नेहमीचा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात आमिषांचा डबा आधी भरला आणि जागा पाण्यावर गेल्यावर ठरवली तरी निभावते, कारण तेव्हा हा मासा किनाऱ्यालगतच्या दगडांपासून पाणवनस्पतींच्या कडेपर्यंत सगळीकडे विखुरलेला असतो. शरदात तो मोजक्या जागी गोळा होतो आणि सुमारे ७२० चौरस किलोमीटरच्या या सरोवराचा बहुतेक भाग त्याच्या दृष्टीने ओसाड पडतो. म्हणून आधी नकाशा पाहावा, मग वारा आणि थंडी यांचा बंदोबस्त करावा, आणि आमिषांकडे सर्वांत शेवटी वळावे.

नकाशासाठी घरी एक निवांत संध्याकाळ राखून ठेवावी. कॅनडाच्या जलसर्वेक्षण विभागाचा छापील नकाशा असो वा फोनवरचे खोलीच्या रेषा दाखवणारे ॲप असो, त्यावर पाण्याखालचे असे खडकाळ उंचवटे शोधावेत, ज्यांचा माथा १५ ते २० फुटांवर असून ज्यांच्या कडा ३० ते ४० फुटांपर्यंत झपाट्याने उतरतात. रेषा जिथे एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दिसतात, ती जागा अशी असते. दक्षिणेकडचा कुक्स बे उथळ आणि वनस्पतींनी भरलेला असल्याने या दिवसांत तो बाजूला ठेवायला हरकत नाही. पश्चिमेकडे बॅरी शहरापर्यंत आत शिरलेला केम्पेनफेल्ट बे सुमारे ४० मीटर खोल असून त्याच्या काठाला उतार लवकर मिळतो, तर मुख्य सरोवरात जॉर्जिना आणि थोरा या बेटांच्या आसपासचे खडकाळ भाग पाहण्यासारखे आहेत. जॉर्जिना बेट हे तेथील चिपेवा लोकांचे असल्याने बेटावर उतरण्याचा विचार त्यांच्या परवानगीवाचून करू नये. अशा पाच-सहा जागा निवडून त्यांचे अक्षांश-रेखांश आधीच बोटीवरच्या जीपीएस यंत्रात भरून ठेवावेत, आणि त्यांतल्या निदान दोन जागा वेगवेगळ्या दिशांच्या वाऱ्यांपासून आडोसा मिळेल अशा असाव्यात.

मासा अशा जागी का जमतो, हे समजून घेतले तर निवड सोपी होते. शरदात पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन जड होते व खाली बसू लागते. उन्हाळाभर वरच्या उबदार आणि खालच्या थंड थरांत असलेली फारकत संपते आणि वारा सगळे पाणी ढवळून एकसारखे करतो. उथळ भाग सर्वांत आधी गार पडत असल्याने लहान पर्च आणि इतर चारामासे तेथून खोल पाण्याकडे सरकतात. त्यात या सरोवरात राउंड गोबीची भर पडली आहे. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातून जहाजांत भरलेल्या पाण्याबरोबर उत्तर अमेरिकेत आलेला हा छोटा मासा २००४ साली सिमकोला मिळणाऱ्या पेफरलॉ नदीत आढळला आणि पुढे सरोवरभर पसरला. त्याला वाताशय, म्हणजे शरीरातली वायूची पिशवी, नसल्यामुळे तो तरंगत नाही, तळाच्या दगडांवर बसून राहतो, आणि थंडीत तोही खोल उतरतो. सिमकोचा स्मॉलमाउथ आज जो इतका गुबगुबीत दिसतो, त्यामागे हे खाद्य मोठ्या प्रमाणात आहे. थोडक्यात, कठीण तळ, जवळच खोल पाणी आणि गोबीला लपायला दगड हे तिन्ही जिथे एकत्र येतात तिथेच वेळ घालवावा. चिखलाचा सपाट तळ कितीही खोल असला तरी सोडून द्यावा.

कोकणातल्या खाडीवर गरी टाकून मोठा झालेला माणूस भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच बाहेर पडतो. इथे भरती नाही, पण तिची जागा पाण्याच्या तापमानाने घेतली आहे, असे समजायला हरकत नाही. पाणी १५ अंश सेल्सियसच्या आसपास असते तोवर मासा चपळ असतो आणि उंचवट्याच्या माथ्यावरही चढतो. १० अंशांच्या सुमारास तो कडेला आणि पायथ्याला दाटीने जमतो, आणि माझ्या मते वर्षातला सर्वांत मोठा मासा मिळण्याची खरी संधी तेव्हाच असते. नेमकी तेव्हाच बहुधा दिवाळी येते, ही घरोघरची अडचण ज्याने त्याने सोडवावी. ५ अंशांखाली त्याचे खाणे फार मंदावते. म्हणून निघण्याच्या आठवड्यात रोजचे हवामान पाहताना किनाऱ्यावर किती गार आहे यापेक्षा रात्रीची थंडी किती दिवस टिकली, याकडे लक्ष द्यावे, कारण एवढा मोठा जलाशय एका रात्रीत निवत नाही.

परवान्याचे काम थोडक्यात आटोपते, पण ते आधीच करावे. ऑन्टारियोत राहणाऱ्या १८ ते ६४ वर्षांच्या व्यक्तीला आउटडोअर्स कार्ड आणि मासेमारीचा परवाना लागतो. भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांना मात्र वय ६५ च्या पुढे असले तरी परवाना काढावा लागतो, कारण वयाची सूट कॅनडातील रहिवाशांसाठी आहे. सिमको हे प्रांताच्या १६ व्या मत्स्यव्यवस्थापन विभागात येते. बासच्या हंगामाची शेवटची तारीख त्या वर्षीच्या नियमांत पाहून घ्यावी. साध्या परवान्यावर स्मॉलमाउथ आणि लार्जमाउथ या दोन्ही जातींचे मिळून सहा बास ठेवता येतात आणि संवर्धन परवान्यावर दोन. मी संवर्धन परवानाच सुचवीन, आणि त्याचे कारण पुढे येईल. जिवंत गोबी जवळ बाळगण्यास बंदी आहे, तेव्हा एखादा गळाला लागलाच तर त्याचे आमिष करण्याचा मोह टाळावा.

आता पाण्याची भीती. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण नोव्हेंबरच्या सिमकोत पडलेल्या माणसाला पोहता येते की नाही हा प्रश्न जवळजवळ गैरलागू ठरतो. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्याबाबत रूढ केलेला १-१०-१ चा ठोकताळा नावेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावा: श्वास ताळ्यावर आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतील अशी दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण एक तास. हा तास लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच मिळतो. कायद्याने प्रत्येकामागे एक जॅकेट नावेत असावे लागते. शरदात ते खणात न ठेवता अंगावर चढवूनच धक्का सोडावा, आणि शक्य असेल तर तरंगणारा उबदार सूट घालावा. सहा मीटरपर्यंतच्या मोटारबोटीसाठी निदान १५ मीटर लांबीचा तरंगणारा दोर, वल्हे किंवा नांगर, पाणी उपसायचे भांडे किंवा हातपंप, शिटी, आणि पाण्याने न बिघडणारी विजेरी किंवा संकेतज्योती आवश्यक असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे गेली की सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे बोटीचे दिवे लागतात की नाही हे घरच्या अंगणातच पाहून घ्यावे. मोटारबोट चालवणाऱ्याकडे चालकाचे कार्ड हवेच. फोन जलरोधक पिशवीत ठेवावा, आणि कोणत्या धक्क्यावरून निघून कोणत्या बाजूला जाणार व किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाला लिहून कळवावे. बऱ्याच ठिकाणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर तरंगते धक्के काढून ठेवतात आणि मरीनांतले इंधनाचे पंप बंद होतात. म्हणून आपला धक्का अजून सुरू आहे का, हे आदल्या दिवशी विचारावे आणि टाकी गावातच भरावी.

वाऱ्याची मर्यादा घरी बसून, डोके शांत असताना ठरवावी. साध्या सोळा-सतरा फुटी बोटीसाठी १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर, हा आकडा माझ्या लेखी शेवटचा आहे, आणि अंदाजात त्याहून जास्त वेगाचे झोत सांगितले असतील तर दिवस रद्द करावा. मोकळ्या सरोवरावर लांबवरून येणारा वारा आखूड आणि उभ्या लाटा उठवतो, आणि सकाळी पाठीवर घेतलेला वारा दुपारी तोंडावर येतो, हे जाताना लक्षात राहत नाही. मासा त्या दिवशी तोंड उघडणार होता का, हा हिशेब यात धरूच नये.

कपड्यांत सुती काहीही नको. आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, बाहेरचा वारा-पाणी अडवणारा, आणि कोरड्या हातमोज्यांच्या दोन जादा जोड्या. पूर्ण कपड्यांचा एक संच बंद पिशवीत वेगळा असावा. थर्मास कितीही मोठा नेला तरी चहा कमीच पडतो.

एवढे झाल्यावर गळ आणि आमिषे. सात फुटांच्या आसपासचा, मध्यम ताकदीचा पण टोकाला चटकन वाकणारा स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० आकाराचे रीळ, १० पौंडी विणीव दोरा आणि त्यापुढे आठ-दहा फूट लांबीचा ८ ते १० पौंडी फ्लुरोकार्बन, एवढ्यात बहुतेक काम होते. असे दोन रॉड तयार ठेवावेत. पहिल्यावर ड्रॉप शॉट बांधावा, म्हणजे दोराच्या टोकाला तीन अष्टमांश ते अर्धा औंस वजन आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर लहान गळ. गोबी तळाला चिकटून असल्याने हे अंतर वीतभरच ठेवावे, हातभर नको. दुसऱ्यावर तळावरून ओढण्यासाठी साडेतीन इंची ट्यूब, म्हणजे मऊ प्लास्टिकचे पोकळ आमिष, हिरवट-तपकिरी रंगाची. पाणी १० अंशांखाली गेले की अर्ध्या औंसाचे धातूचे ब्लेड बेट डब्यात हवेच. ते तळावरून जेमतेम फूटभर उचलून पुन्हा पडू द्यायचे असते. पाणी १५ अंशांकडे असेल तर स्थिर तरंगणारे जर्कबेट, म्हणजे झटके देत ओढायचे माशाच्या आकाराचे आमिष, न्यावे आणि दोन झटक्यांमध्ये कंटाळा येईपर्यंत थांबावे. यापलीकडे डब्यात जे आहे ते घरी राहिले तरी काही बिघडत नाही. गाठी मात्र आदल्या रात्री घरातल्या उबेत बांधाव्यात, कारण बधिर बोटांनी विणीव दोऱ्याला फ्लुरोकार्बन जोडणे हे काम नसून शिक्षा आहे. जिवंत आमिष वापरणार असाल तर त्याची पावती जपावी आणि उरलेले सरोवरात सोडू नये.

आता संवर्धन परवान्याचे कारण. शरदात एका उंचवट्यावर जमलेला घोळका म्हणजे आसपासच्या मोठ्या भागातली मोठी मासळी असते, थंड प्रदेशात पाच पौंडांचा मासा व्हायला अनेकदा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि तोच घोळका दुसऱ्या वर्षी पुष्कळदा त्याच जागी येतो. तेव्हा मासे सोडून देण्याची तयारी ही तयारीचाच भाग आहे. रबरी जाळी, लांब चिमटा आणि ओला करून ठेवलेला मोजपट्टा हाताशी असावा, आणि फोटो काढणारा आधीच ठरलेला असावा. खोलीचीही मर्यादा ठरवावी: १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथून वर आणलेल्या माशाच्या वाताशयातला वायू दुप्पट फुगतो, आणि बासला तो पटकन बाहेर टाकता येत नाही. असा मासा बोटीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवला की तो उलटा तरंगू लागतो. लगेच सोडला तर बहुधा स्वतःच खाली जातो. सुई टोचून वायू काढण्याचे तंत्र आहे, पण ते जाणत्याकडून हाताला धरून शिकल्याशिवाय करू नये. मी ३३ फुटांच्या पलीकडे गळ सोडत नाही, मासे शोधणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर खाली माशांच्या कितीही कमानी दिसल्या तरी.

शेवटची तयारी परतीची. २०२२ पासून ऑन्टारियोत बोट रस्त्यावरून नेण्यापूर्वी तळाचे बूच काढून पाणी सोडणे आणि अडकलेल्या वनस्पती काढणे सक्तीचे आहे, कारण झेब्रा शिंपले आणि गोबी यांसारखे पाहुणे असेच एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. बुचाचा पाना, घासायचा ब्रश आणि डोक्याला बांधायची विजेरी गाडीच्या मागच्या भागात वरच ठेवावी, कारण हे काम अंधारात करावे लागणार आहे. घरी पोहोचल्यावर बूच गाडीच्या किल्लीच्या जुडग्याला अडकवावे, म्हणजे पुढच्या खेपेला ते लावल्याशिवाय बोट पाण्यात जाणार नाही.