रिफायनरमधली वाफ मोकळी करायची, तर शटडाउनआधी काय तयार हवं

रिफायनर म्हणजे लाकडाच्या चिप्स दोन खाचदार प्लेटांमध्ये कुटून लगदा करणारं मशीन; एक प्लेट (रोटर) फिरते, दुसरी (स्टेटर) स्थिर असते. पहिलं काम मशीन चालू असतानाच उरकायचं आहे. मोटरचा लोड हेलकावे खायला लागला, चिप्स दाबून आत ढकलणाऱ्या प्लग स्क्रूच्या मागून वाफ फुंकायला लागली, की बहुतेक ठिकाणी थेट नव्या प्लेटांची ऑर्डर जाते. त्याआधी आठवडाभराचे ट्रेंड काढून ठेवा: मोटर लोड, प्लेटांमधलं अंतर, फीडकडचा (चिप्स आत येतात तिथला) आणि केसिंगचा (प्लेटांभोवतीच्या कवचाचा) दाब, डायल्यूशनचं (लगदा पातळ ठेवायला घातलेलं) पाणी, लगदा बाहेर सोडणारा ब्लो व्हॉल्व्ह किती टक्के उघडा होता, सायक्लोनचा (लगद्यापासून वाफ वेगळी करणाऱ्या भांड्याचा) दाब. नोंद दर सेकंदाची हवी. मिनिटाची सरासरी घेतली की जे हेलकावे शोधायचे तेच पुसले जातात.

मग वाफेचा हिशोब कागदावर मांडा. मोटरने दिलेल्या विजेची बहुतेक सगळी उष्णता होते आणि ती पाण्याची वाफ करते. समजा ताशी १२.५ टन कोरडा लगदा, पहिल्या टप्प्यावर १२ मेगावॅट लोड आणि केसिंगमध्ये ३ बार गेज (वातावरणाच्या दाबाच्या वर मोजलेला) दाब आहे. ही सगळी उष्णता वाफेत गेली तर ताशी २० टन वाफ होईल. पण ८० अंशांवर येणारं डायल्यूशनचं पाणी १४४ अंशांपर्यंत तापवण्यात त्यातली अडीच टनांइतकी उष्णता खर्च होते. उरते साडेसतरा टनांच्या आसपास, म्हणजे त्या दाबाला दर सेकंदाला सव्वादोन घनमीटर. एवढी वाफ मिलिमीटरच्या काही दशांश फटीत आणि प्लेटांच्या खाचांमध्ये जन्मते, आणि तिथूनच तिला वाट काढायची असते. चिप्स निम्म्या ओल्या आणि प्रीहीटरमधून तापून आलेल्या धरल्या, तर बाहेर पडणाऱ्या लगद्याची कन्सिस्टन्सी, म्हणजे त्यातलं कोरड्या तंतूंचं प्रमाण, ४५ टक्के ठेवायला ताशी साधारण साडेवीस टन डायल्यूशन लागतं. पाणी तेवढंच ठेवून लोड १ मेगावॅटने वाढवला, तर पावणेदोन टन पाणी जास्तीचं उडून जातं आणि कन्सिस्टन्सी ४८ च्या घरात पोचते. लगदा कोरडा पडला की प्लेटांमधली गादी टिकत नाही, मग प्लेट प्लेटला घासते. म्हणून डायल्यूशनचा फ्लोमीटर तपासायच्या यादीत सगळ्यात वर ठेवा. आपल्या हिशोबात आणि मीटरच्या आकड्यात १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर आधी मीटरवर संशय घ्या.

दाबाच्या गेजवरही डोळे झाकून विश्वास नको. इम्पल्स लाइनमध्ये (गेजपर्यंत दाब नेणाऱ्या बारीक नळीत) तंतू बसले की गेज जुनाच आकडा दाखवत राहतो. तपासणी सोपी आहे: संपृक्त वाफेचं तापमान दाबाशी बांधलेलं असतं, २ बार गेजला १३३.५ अंश, ३ बारला १४३.६. प्रीहीटरमध्ये दाब ३ बार दिसतोय आणि तापमान १३८ च आहे, तर एक तर दोघांपैकी एक उपकरण खोटं बोलतंय, नाहीतर चिप्सबरोबर हवा आत शिरतेय. हवा शिरत असेल तर दोष प्री-स्टीमिंगचा. चिप्सना वातावरणाच्या दाबाला १०-१५ मिनिटं वाफ मिळते का, आणि हवा बाहेर जायची व्हेंट उघडी आहे का, हे पाहून घ्या.

आता मुख्य गोष्ट. प्लेटांमधल्या दाबाचं शिखर बाहेरच्या कडेला नसतं, त्रिज्येवर मध्येच कुठेतरी असतं. शिखराच्या बाहेरची वाफ लगद्याबरोबर पुढे जाते, आतली मात्र उलटी फिरून येणाऱ्या चिप्सच्या अंगावर येते. चिप्स थबकतात, लोड पडतो, वाफ कमी होते, अडलेल्या चिप्स एकदम घुसतात आणि लोड उसळतो. उलट वाफ बंद करता येत नाही. तिला चिप्सपासून वेगळी वाट द्यायची असते. रिबन फीडरमध्ये, म्हणजे चिप्स प्लेटांपर्यंत नेणाऱ्या, मध्ये पोकळ असलेल्या पट्टीच्या स्क्रूमध्ये, चिप्स कडेने पुढे सरकतात आणि वाफ मधल्या पोकळीतून मागे जाते. पट्टी झिजली की ही पोकळी चिप्सनी भरते. म्हणून पट्टीची कड आणि नळीची भिंत यांतलं अंतर चार ठिकाणी मोजायची तयारी ठेवा. प्लग स्क्रूचं घशाचं अस्तर, पात्यांची झीज आणि ब्लोबॅक डँपरचं (उलट वाफ अडवणाऱ्या झडपेचं) सिलिंडर याच खेपेला पाहा. प्लग (स्क्रूने दाबलेल्या चिप्सचा बोळा) सैल असेल तर महागातली प्लेटही काही करू शकत नाही.

जुन्या प्लेटा काढल्यावर लगेच धुऊ नका. आधी फोटो घ्या, सेगमेंटवर (प्लेटच्या प्रत्येक तुकड्यावर) खडूने क्रमांक टाका. स्टेटरच्या खाचांत काळा, खरवडूनही न निघणारा थर कुठल्या त्रिज्येपासून सुरू होतो ते पट्टीने मोजा. तिथे वाफेची वाट बुजलेली आहे. उलट वाफ मुख्यतः स्टेटरच्याच खाचांतून जाते, कारण रोटरच्या खाचांतला लगदा केंद्रोत्सारी बळाने बाहेर फेकला जातो. डेप्थ गेजने बारची (प्लेटवरच्या दोन खाचांमधल्या उंचवट्याची) उंची आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यात घ्या. उंची घटली की खाच उथळ होते आणि वाफेची जागाही जाते. नवी प्लेट मागवताना वाफेचे चर मागायचे ते आतल्या भागात. कडेपर्यंत सरळ, बिनअडथळ्याचा चर दिला तर वाफेबरोबर न कुटलेल्या काड्याही निसटतात. प्लेट एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेली असेल तर रोटर कुठल्या बाजूने फिरतो ते ऑर्डरवर लिहा. तीच प्लेट उलट फिरवली की लगदा ढकलण्याऐवजी अडवून धरते, आणि हा घोळ चालू केल्यावरच कळतो. बसवताना डायल गेजने ट्रॅम (दोन्ही प्लेटा एकमेकींना समांतर असणं) उत्पादकाच्या मर्यादेत आणा.

ब्लो लाइनसाठी (रिफायनरपासून सायक्लोनपर्यंतच्या पाइपसाठी) नवीन गॅस्केट, व्हॉल्व्हची सीट आणि सायक्लोनच्या वाफेच्या तोंडाशी जमलेला तंतूंचा गोळा काढायची सोय, एवढं पुरे. पुढे रीबॉयलर (या वाफेच्या उष्णतेवर स्वच्छ वाफ बनवणारं उपकरण) असेल तर त्याचा दाब मागे रिफायनरपर्यंत पोचतो, तेव्हा नळ्यांवरची घाणही याच यादीत धरा.

उघडण्याच्या परवान्यात एक ओळ हवीच: गेज शून्यावर आहे म्हणून केसिंग उघडायचं नाही. ब्लो व्हॉल्व्हमागे लगद्याचा बोळा बसला तर त्याच्या पलीकडे दाब अडकून राहतो, आणि इम्पल्स लाइन बुजलेली असेल तर गेजला त्याचा पत्ताही नसतो. फीड, वाफ, पाणी तिन्हींना लॉक लावा, ड्रेन उघडा आणि ड्रेनमधून काही येत नसेल तर ते रिकामं आहे की चोंदलंय, याची खात्री करा.

चालू करताना डायल्यूशन आणि सीलचं पाणी आधी, लोड नंतर. लोड स्थिरावल्यावर केसिंगचा दाब ०.२ बारच्या पायऱ्यांनी बदला आणि प्रत्येक पायरीवर निदान अर्धा तास थांबा. केसिंगचा दाब वाढवला की जास्त वाफ मागे वळते. फार उतरवला तर लगदा प्लेटांमधून घाईने निघून जातो आणि काड्या वाढतात. दर पायरीला फ्रीनेस (लगद्यातून पाणी किती सहज निथळतं ते) आणि काड्यांचं प्रमाण यांचे नमुने घ्या, आणि लोडचा ट्रेंड पुन्हा दर सेकंदाचाच काढून शटडाउनआधीच्या ट्रेंडवर ठेवून बघा.