भोंग्याच्या वेळेने गिरणगाव पाहायचं असेल तर

गिरणगाव म्हणजे मुंबईतला लालबाग-परळकडचा कापड गिरण्यांचा भाग. तो बघायला येणारे बहुतेक जण गिरणीची चिमणी शोधत येतात. फोटो निघतो आणि फेरी संपते. पण चिमणी फक्त बॉयलर कुठे होता एवढंच सांगते. माणसं कशी जगायची हे कळायला दोन मापं हाताशी हवीत: पाळीची वेळ आणि खोलीचा आकार.

म्हणून सुरुवात घरूनच करा. चिकटपट्टी घेऊन जमिनीवर १० बाय १६ फुटांचा चौकोन आखा. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) ने बांधलेल्या चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची, म्हणजे एवढीच. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात मोरी सोडा. उरलेल्या जागेत अठरा माणसं कल्पा. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून एकटे आलेले गडी गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून ठेवलेल्या, खोलीत असे दाटीवाटीने राहत. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. आता पाळ्या मांडा. पहिली सकाळी ७ ते दुपारी ३:३०, दुसरी ३:३० ते रात्री १२, तिसरी १२ ते सकाळी ७. अठरा जण तिन्ही पाळ्यांत सारखे वाटले तर कुठल्याही वेळी सहा कामावर आणि बारा बाहेर किंवा झोपेत. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. रविवारी मात्र अठराच्या अठरा घरी. चाळीची गॅलरी, जिना, नाका, भजनी मंडळ, व्यायामशाळा ही सगळी त्या न मावणाऱ्या माणसांची जागा होती. हे गणित घरी एकदा केलंत की लालबागच्या गल्ल्या वेगळ्या दिसतात. रविवारच्या सुट्टीमागेही लढा आहे: नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० ला साप्ताहिक सुट्टी मिळवली.

दुसरी घरची तयारी म्हणजे गुगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं लोअर परळ उघडा. गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं दिसतील तिथे तिथे आजचा टॉवर किंवा मॉल कागदावर टिपून ठेवा. ह्या कागदाशिवाय गेलात तर निम्म्या गिरण्या ओलांडून जाल आणि कळणारही नाही.

डिसेंबर-जानेवारीत जा. पावसाळ्यात हिंदमाता आणि परळच्या भागात पाणी तुंबतं, गणपतीत लालबागमध्ये पाऊल टाकायला जागा नसते. करी रोड स्टेशनला सकाळी साडेसहाला उतरा. भोंगा होऊन गिरणीचं गेट बंद व्हायचं त्या सुमारास तुम्ही रस्त्यावर असाल. पूर्वेला महादेव पालव मार्गाने सरळ चालत भारतमाता सिनेमापाशी या. हे मराठी चित्रपटांचं थिएटर गिरणीच्याच जमिनीवर उभं आहे, शेजारी इंडिया युनायटेड मिल क्रमांक १. तिथून आंबेडकर रोडने दक्षिणेला लालबाग मार्केट आणि गणेश गल्ली. गणेश गल्लीचा गणपती १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा.

इथे घाई नको. चाळींच्या दारावरच्या पाट्या वाचा. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ असं लिहिलेलं असतं, वर गावाचं, तालुक्याचं नाव, कधी स्थापनेचं साल. अशा दहा पाट्या उतरवून घेतल्या की कुठल्या गल्लीत कुठला तालुका वसला होता याचा नकाशा आपोआप तयार होतो. एकट्या गड्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायका चालवत. त्यांचीच संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

परतीला करी रोडचा पूल ओलांडून पश्चिमेला ना. म. जोशी मार्गावर जा. जुने लोक अजून डिलाईल रोड म्हणतात, पत्ता विचारताना तेच नाव वापरा. इथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, त्यामुळे जे आज दिसेल ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही. पुढे कमला मिल, फिनिक्स मिलचा परिसर. जुनं करवती छप्पर दिसलं की फोनमधलं होकायंत्र काढा: काचेची बाजू उत्तरेला असते. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेचा उजेड सारखा आणि सावलीचा मिळतो. धागा तुटला तर लगेच दिसतो. हवा मात्र अडवलेली. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याचे माग (साचे) असलेल्या खात्यात, खिडक्या बंद आणि दमटपणा कायम, त्यात कापसाचा तंतू छातीत. आज तिथे एसी ऑफिसं आहेत. भिंतीला हात लावून उभे राहा आणि डोक्यात शेकडो साचे एकदम चालू करा. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, खुणांनी आणि ओठांवरून काम चालायचं.

एक गोष्ट वास्तूत दिसत नाही, ती माहीत करूनच जावं लागतं. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालून धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो, या कारणावरून अस्पृश्य ठरवलेल्या कामगारांना साचेखात्यात, जिथे पगार जास्त तिथे, घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. ते स्वतः १९१२ ते १९३४ परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत राहत होते. गिरणगावाची एकजूट सांगताना हे वगळलं तर चित्र खोटं होतं.

बंद गिरणीच्या आवारात शिरू नका. पहारेकरी हाकलतील ही छोटी अडचण. कुजलेली छपरं आणि सैल झालेल्या भिंती खरा धोका आहेत. चाळीत फोटो काढण्याआधी विचारा, गॅलरी हे लोकांचं घर आहे.

जुना कामगार भेटला तर काका किंवा मामा म्हणून हाक मारा आणि संपापासून सुरुवात करू नका. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि अनेकांची नोकरी परत आली नाही. अनोळखी माणसाने थेट तिथे बोट ठेवलं की समोरचा गप्प होतो. आधी विचारा: कुठल्या खात्यात होता? किती साचे चालवायचात? बदलीत (कायम न होता, गैरहजर कामगाराच्या जागी) किती वर्षं काढली? जॉबर (कामगार भरती करणारा मुकादम) कोण? उत्तरं सविस्तर येतात, कारण हात अजून ते काम विसरलेले नसतात. त्याच संध्याकाळी गाव, गिरणी, खातं, पाळी एवढं लिहून काढा, शब्द त्यांचेच ठेवा. आणि फोटो काढला असेल तर छापून नेऊन द्या.