पाऊस सरला, आता कुंड्यांना काय घालायचं?

परतीचा पाऊस गेला की कुंड्यांतली झाडं फिकट दिसतात. चार महिने भोकातून पाणी निथळलं, त्याच्याबरोबर नत्रही गेलं. अशा वेळी हात आपसूक युरियाच्या डब्याकडे जातो. पण त्यात 46 टक्के नत्र आहे. कुंडीत चमचाभर जास्त पडला तरी मुळं करपतात.

खत घालण्याआधी पानं बघा. खालची जुनी पानं पिवळी पडली असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर बहुधा लोह मिळत नाही. पुष्कळदा त्याचं कारण साचलेलं पाणी असतं. तिथे खत नको, कुंडीचं भोक मोकळं करा.

वरची दोन बोटं माती खुरप्याने हलवून बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि मोठा चमचाभर निंबोळी पेंड द्या, खोडाला न चिकटवता. शेणखत घेणार असाल तर मुठीत धरून बघा. चहाच्या भुकटीसारखं मोकळं आणि मातीच्या वासाचं हवं. शेणाचा वास आला किंवा हाताला गरम लागलं, तर अजून कुजू द्या. 'कुजलंय हो' या एका शब्दावर मी पोतं आणलं होतं. गुलाब मान टाकायला लागला म्हणून कुंडी उपडी केली, तर आत हुमणीच्या पांढऱ्या, वेटोळं केलेल्या अळ्या आणि मुळं जवळजवळ फस्त!

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रावण, घरच्या बादलीतही होतं. 10 लिटर पाणी, अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन 100-100 ग्रॅम, बांधावरची मूठभर माती. गोणपाटाने झाकून सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा. दोन दिवसांनी दहापट पाणी घालून वापरा आणि आठवड्यात संपवा. पण हे जीवाणूंचं विरजण आहे, जेवण नव्हे. मातीत कुजणारं काही नसेल तर विरजण लागणार कशाला?

शेण मिळत नसेल तर 100 ग्रॅम शेंगदाणा पेंड लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवा, गाळा, दहापट पाणी घाला. वास मात्र शेजाऱ्यांपर्यंत जातो. चहाचा चोथा धुऊनच घाला, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात.

गुलाबाची दसऱ्यानंतर छाटणी करून नवे डोळे फुटू लागले की खत द्या. मोगऱ्याला आत्ता काही नको. थंडी ओसरेपर्यंत त्याला निजू द्या.