कम्युनिटी कॉलेजात सीएस किंवा डेटा? कॅल्क्युलस एकाच कॉलेजात संपवा

बारावी महाराष्ट्रात करून घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियात आलेल्या आणि कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोनेक वर्षं शिकून मग विद्यापीठात ट्रान्सफर होता येतं अशा कॉलेजात, कॉम्प्युटर सायन्स किंवा डेटा सायन्सला नाव घातलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय.

घोळ होतो तो गणितात. राज्यातली बहुतेक कम्युनिटी कॉलेजं सेमिस्टरवर, म्हणजे वर्षाच्या दोन मोठ्या टर्मांवर चालतात. डी ॲन्झा, फूटहिलसारखी थोडी क्वार्टरवर, म्हणजे तीन लहान टर्मांवर. सेमिस्टरला कॅल्क्युलस तीन कोर्सांत संपतं, क्वार्टरला चार. समजा, क्वार्टरवाल्या कॉलेजात पहिले दोन झाले: डेरिव्हेटिव्ह झालं, इंटिग्रल झालं. तिसऱ्यात सिरीज येते आणि तो वर्ग नेमका भरलेला. मग वाटतं, शेजारच्या सेमिस्टरवाल्या कॉलेजात कॅल्क्युलस ३ घेऊन टाकू. पण तिथे सिरीज कॅल्क्युलस २ मध्येच उरकलेली असते. म्हणजे ३ ला घेत नाहीत, आणि २ घ्यावा तर त्यातला बराच भाग तुमचा आधीच झालेला.

"कुठेही घे, सगळं ट्रान्सफर होतं," असं मला एका काउन्सेलरनं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यापायी माझं वर्ष लांबलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. युनिट्स, म्हणजे कोर्सचे क्रेडिट, ट्रान्सफर होणं वेगळं आणि तो कोर्स मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, अट म्हणून धरला जाणं वेगळं. बिझनेस कॅल्क्युलसची युनिट्स जातात, पण सीएसच्या अटीत तो धरत नाहीत. शिवाय यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, बहुतेक कॅम्पस ट्रान्सफर फॉलच्या टर्मलाच घेतात आणि मेजरचे कोर्स आधीच्या स्प्रिंगपर्यंत संपलेले लागतात. एक कोर्स अडकला की वर्ष गेलंच.

म्हणून असिस्टच्या (assist.org) साइटवर स्वतः बसा. तुमचं कॉलेज, हवा तो कॅम्पस, मेजर आणि वर्ष टाकलं की कोणता कोर्स कशाच्या जागी धरतात ते दिसतं. सीएसचं पान वेगळं, डेटा सायन्सचं वेगळं, आणि दर कॅम्पसचं निराळं. पानावरच्या बारीक टिपा वाचाच. अमुक विषयाचे सगळे कोर्स एकाच कॉलेजात पूर्ण करा, हे तिथेच लिहिलेलं असतं. महाराष्ट्र मंडळात भेटणारे आयटीवाले काका मायेनं सल्ला देतात, पण ते थेट एमएसला आलेले; या वाटेनं ते कधी गेलेलेच नाहीत.

टॅगवरही, म्हणजे अटी पुऱ्या केल्यास यूसीत प्रवेशाची हमी देणाऱ्या अर्जावरही, डोळे मिटून विसंबू नका. १ ते ३० सप्टेंबरमध्ये तो एकाच कॅम्पसला भरता येतो. सहा कॅम्पस देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सान डिएगो देत नाहीत. सांता बार्बरा देतं, पण तिथलं सीएस इंजिनिअरिंग कॉलेजात आहे आणि ते कॉलेज टॅगमध्ये नाही.

कोडिंगची एवढी धास्ती नको. डेटा स्ट्रक्चर्सच्या कोर्सला लिंक्ड लिस्टमधला, म्हणजे बाणांनी जोडलेल्या चौकोनांच्या साखळीतला, एक नोड (चौकोन) काढून टाकताना माझा प्रोग्रॅम सारखा कोसळायचा. ट्युटरिंग सेंटरमधल्या मुलीनं लॅपटॉप मिटायला लावला, कागदावर चौकोन काढले आणि म्हणाली, आता बाण तू काढ. नोड डिलीट करण्याआधी मागच्या चौकोनाचा बाण पुढच्या चौकोनाला जोडायचा, हे तेव्हा हाताला कळलं. ते सेंटर फुकट असतं, रोज जा. एआयकडून असाइनमेंट लिहून घेणाऱ्यांचं मला पटत नाही. कागदावरच्या परीक्षेत हा बाण स्वतःलाच काढावा लागतो.

आणि वर्ग भरला म्हणून लगेच दुसरं कॉलेज शोधू नका. वेटलिस्टवर नाव ठेवा, पहिल्या तासाला जाऊन बसा, प्राध्यापकांना भेटा. पहिल्या आठवड्यात बरीच मुलं गळतात आणि जागा निघाली की ते ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायचा कोड, देतात.