चिकणमातीच्या अंगणात कृत्रिम हिरवळ : माझा अनुभव
चिकणमातीवर नुसती वाळू पसरून अंथरलेली कृत्रिम हिरवळ पहिल्याच मोठ्या पावसानंतर जागोजागी फुगली आणि पाय ठेवताच सांध्यांतून गढूळ पाणी वर येऊ लागले. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पाणी फार सावकाश मुरू देते, हे मी लक्षातच घेतले नव्हते. सारे उचकटून सुमारे १० सेंटीमीटर माती काढली, तळाला दर मीटरमागे १ ते २ सेंटीमीटर उतार दिला, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) कापड अंथरले आणि खडी व कच (दगडाचा बारीक चुरा) एकदम न ओतता दोन थरांत धुम्मसाने ठोकून बसवली. कापड वगळण्याचा मोह झाला होता. पण त्याविना खडी हळूहळू चिखलात रुतते. पाणी वाहून जावे म्हणून सखल कडेला सच्छिद्र पाइप पुरला. आता पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात अनवाणी चालता येते.