जर्मनीत बुटाचा नंबर असा जमवला

मला खरेदीचा पहिल्यापासून कंटाळा. बडोद्यात मंगळबाजारातला दुकानदार पायाकडे बघूनच जोड काढायचा. जर्मनीत नंबर आपणच सांगायचा, रविवारी दुकानं बंद. शनिवारच्या घाईत ४१ घेतला नि अंगठा चेपला.

सुट्टीत दांडिया बाजारातल्या घरी आईनं मला कागदावर उभं केलं, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय गिरवले. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. डावा मोठा निघाला: २६.५ सेंमी. बोटं हलायला दीड सेंमी मिळवून दीडनं गुणलं, ४२ आले. दीडनं का, तर युरोपातला एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंमी. आता ऑनलाइन मागवतो, नाही बसले तर १४ दिवसांत परत करता येतात. कागद घडी घालून पाकिटात ठेवलाय, त्यावर आईच्या अक्षरात ‘डावा’.